राक्षसाचं शस्त्र उचललं म्हणून पल्ला वाढतो का? (डी अँड डी ३.५, ५ई, पाथफाइंडर)

वीसचा फासा (धागाकर्ता)

मागच्या खेळात एका मुद्द्यावरून इतकी हुज्जत झाली की लढाई अर्धवट टाकून सगळे उठले. इथे नियमांचे किडे बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय.

आम्ही अजून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर खेळायचा भूमिका-खेळ) च्या ३.५ आवृत्तीवरच आहोत. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. एका खेळाडूचा गोलायथ (धिप्पाड वंशाचा) फायटर, म्हणजे लढवय्या, आहे. गोलायथला 'पॉवरफुल बिल्ड' मिळतं, म्हणजे स्वतः मीडियम (माणसाएवढा) असूनही लार्ज (त्याहून एक पायरी मोठ्या) प्राण्यासाठी घडवलेली शस्त्रं तो दंड न भरता वापरू शकतो. साहेबांनी मेलेल्या हिल जायंटचा (लार्ज राक्षसाचा) ग्लेव्ह, म्हणजे लांब दांड्याला पातं बसवलेलं शस्त्र, उचलला. डॅमेज १डी१० चं (दहा बाजूंच्या एका फाशाचं) २डी८ (आठ बाजूंचे दोन) झालं, इथवर कुणाची तक्रार नाही. मग म्हणाला, "हाच ग्लेव्ह त्या जायंटच्या हातात असताना मला २० फुटांवरून लागत होता. दांडा तोच, पातं तेच. माझ्या हातात आल्यावर १० फुटांचा कसा झाला? निदान १५ तरी दे."

मी 'रेसेस ऑफ स्टोन' उघडून दाखवलं. जागा आणि रीच (पल्ला) मूळ आकाराचीच राहते, असं स्वच्छ लिहिलंय. तो म्हणे, लिहिलंय ते दिसतंय, पण का? आणि या 'का'ला टेबलवर पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तुम्ही काय करता? नियम काय हे मला माहीत आहे, त्यामागचं डोकं हवंय.

लेव्हल एक काका

नियम माहीत आहे म्हणालास तरी एकदा मांडतो, कारण नवीन मंडळी वाचत असतात.

३.५ मध्ये (२००३) शस्त्राचा आकार हा ते वापरणाऱ्याच्या आकारावरून ठरतो. आकार जुळत नसेल तर प्रत्येक पायरीला हल्ल्यावर -२, आणि हाताळण्याची मेहनतही (हलकं, एक हाती, दोन हाती) एक पायरी सरकते. माणसाने लार्ज लाँगस्वोर्ड घेतली तर ती दोन हातांनी धरावी लागते, २डी६ मिळतात आणि -२ बसतो. लार्ज ग्रेटस्वोर्ड (मोठी दोन हाती तलवार) त्याला उचलताच येत नाही, कारण दोन हातांच्या पुढे पायरीच नाही. 'कम्प्लीट वॉरियर'मधली मंकी ग्रिप फीट (लेव्हल वाढताना निवडायचं खास कसब) घेतली तर ती पायरी सरकत नाही, -२ मात्र राहतो. (ही फीट दिसायला झकास आणि घ्यायला तोट्याची. माझ्या टेबलवर प्रत्येक नवा पोरगा ती घेतो.)

या सगळ्या प्रकरणात पल्ल्याबद्दल एक अक्षर नाही. पल्ला येतो प्राण्याच्या तक्त्यातून. टायनीला ०, स्मॉल आणि मीडियमला ५ फूट, उभ्या लार्ज प्राण्याला १०, आडव्याला, म्हणजे घोडाबिडा, ५. रीचवालं शस्त्र हा आकडा फक्त दुप्पट करतं. जायंटचे १० होते त्याचे २० झाले, तुझ्या गोलायथचे ५ आहेत त्याचे १० होणार. ग्लेव्ह तोच असला तरी गुणाकारातला दुसरा आकडा बदलला.

कोकणी ऑर्क

काका, गणित बरोबर, पण पोराचा प्रश्न तिथेच राहिला. दांड्याची लांबी ही बेरजेची गोष्ट आहे हो, गुणाकाराची नाही. हात अडीच फुटी आणि दांडा आठ फुटी तर टोक कुठवर जाईल हे शाळकरी पोरगं सांगेल. जायंटचा हात लांब म्हणून त्याला थोडं जास्त, बास. ३.५ ने गुणाकार केला तो केवळ हिशेब सोपा व्हावा म्हणून.

दुसरं म्हणजे, लार्ज ग्रेटस्वोर्ड ही लांबीने मीडियम ग्लेव्हला टेकत असणार. मग ग्लेव्हला रीच आणि तिला नाही, हे कुठल्या न्यायाने?

नीलपरी

@कोकणी ऑर्क, उलट बाजूने बघा. हाफलिंगचा (बुटक्या वंशाचा) लाँगस्पियर, म्हणजे लांब भाला, घ्या. स्मॉल आकाराचा, माणसाच्या भाल्यापेक्षा आखूड, डॅमेज १डी८ ऐवजी १डी६. पल्ला? तोही १० फूट. आखूड भाल्याने हाफलिंगचा पल्ला कमी होतो अशी तक्रार आजवर एकाही खेळाडूने केलेली मी पाहिली नाही. लहान शस्त्राचा तोटा नको आणि मोठ्याचा फायदा मात्र हवा, असं कसं चालेल?

कोकणी ऑर्क

हाफलिंगवाला मुद्दा जबरी आहे, त्याला उत्तर नाही माझ्याकडे. ग्रेटस्वोर्डचं मात्र सांगा.

लेव्हल एक काका

सांगतो. पुस्तकातच आहे ते, फक्त तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचायला हवीत. वजनं मीडियम शस्त्राची दिलेली आहेत. स्मॉल शस्त्राचं वजन निम्मं, लार्जचं दुप्पट.

दुप्पट! आता विचार करा. एखादी वस्तू तिन्ही बाजूंनी दुप्पट केली तर वजन आठपट होतं. वजन फक्त दुप्पट होत असेल, तर आकार तोच ठेवून लांबी २ च्या घनमुळाइतकीच वाढते, म्हणजे सुमारे १.२६ पट. मीटरभर लांबीची तलवार लार्ज झाली की सव्वा मीटरची होते. वीतभर वाढली. सात फुटी ग्लेव्ह धरला तर तो जेमतेम पावणेनऊ-नऊ फुटांवर जातो. नकाशावरचा पाच फुटांचा चौकोन ओलांडायला हे पुरत नाही.

म्हणजे पुस्तकावर विश्वास ठेवायचा तर लार्ज शस्त्र जाडजूड असतं, फार लांब नसतं. डॅमेज वाढतं आणि पल्ला वाढत नाही, हे दोन्ही त्यात बसतं. लिहिणाऱ्यांनी हा विचार करून वजनं ठरवली असतील असं मी म्हणत नाही, पण टेबलवर पोराचं तोंड बंद करायला हे पुरेल.

वीसचा फासा

काका, दंडवत! घनमुळाचा शनिवारी वापर करणार.

गुहावासी

पुस्तकातल्या वजनांवर इमारत बांधू नका बुवा. ३.५ ची ग्रेटस्वोर्ड ८ पाउंडांची आहे, म्हणजे ३.६ किलो. लढाईत वापरलेल्या दोन हाती तलवारी साधारण २ ते ३.५ किलोच्या मिळतात, तेव्हा मीडियमचा आकडा वरच्या टोकालाच आहे. तिची लार्ज आवृत्ती १६ पाउंडांची. हॉलंडच्या उत्तरेला लेउवार्डन गावी फ्रीस म्युझियममध्ये एक तलवार आहे, पिअर गेर्लोफ्स डोनियाची म्हणून दाखवतात. लांबी २.१३ मीटर, वजन ६.६ किलो, म्हणजे साडेचौदा पाउंड. लार्ज ग्रेटस्वोर्डच्या जवळपास पोचली. आता ही सात फुटी तलवार घेऊन कुणी समोर उभा राहिला तर त्याला ५ फुटांचाच पल्ला देणार का तुम्ही?

लेव्हल एक काका

देणार. सात फुटांतली मूठ बरीच मोठी असते, आणि अशा तलवारीचं पातं मुठीजवळ आणखी एका पकडीसाठी बोथट ठेवलेलं असायचं. राहिलेलं पातं फिरवायचं तर दोन्ही हात अंगाजवळ. भाला पुढे सरकवता येतो, शेवटाला धरून भोसकता येतो. सात किलोची तलवार शेवटाला धरून पुढे करून दाखवा. जाळी काढायचा बांबू टोकाला धरून आडवा उचलून बघा म्हणजे कळेल, आणि त्याच्या टोकाला लोखंडही नसतं.

दांड्याचं शस्त्र लांब पोचतं कारण त्यातलं बहुतेक वजन लाकूड आहे. तलवार वाढवली की लोखंड वाढतं. म्हणून ग्लेव्हला रीच आणि ग्रेटस्वोर्डला नाही, हा न्याय मला तरी पटतो.

बे एरियातला बोका

पाथफाइंडरच्या (डी अँड डी ३.५ वरून निघालेल्या खेळाच्या) दुसऱ्या आवृत्तीने (२०१९) हा वाद एका वाक्यात मिटवलाय. स्मॉल किंवा मीडियम प्राणी लार्ज शस्त्र वापरू शकतो, पण तो क्लम्झी १ (हालचालींत अवघडलेला) होतो आणि शस्त्र फिरवण्याच्या कटकटीत मोठेपणाचा फायदा फिटतो. वेगळं काही मिळत नाही, डॅमेजसुद्धा नाही!

अपवाद जायंट इन्स्टिंक्टवाला बार्बेरियन. त्याला अवाढव्य शस्त्राबरोबर रेजचं (संतापाच्या भरातलं) जादा डॅमेज २ ऐवजी ६ मिळतं, क्लम्झी मात्र चुकत नाही. पल्ला तरीही नाही. पल्ला येतो सहाव्या लेव्हलच्या जायंट्स स्टॅचरने, तेव्हा तो स्वतः लार्ज होतो. अंग वाढलं की पल्ला वाढला, शस्त्र वाढून नाही.

गुहावासी

५ई (डी अँड डी ची पाचवी आवृत्ती) मध्येही तेच, फक्त विस्कळीत. रीचवालं शस्त्र तिथे दुप्पट करत नाही, सरळ ५ फूट वाढवतं, आणि जवळच्यालाही मारता येतं. (३.५ मध्ये ग्लेव्हवाल्याच्या अंगाशी भिडलं की तो हतबल, ती गंमतच गेली.) २०१४ च्या डीएम गाइडमध्ये राक्षस बनवायच्या प्रकरणात दिलंय की लार्ज प्राण्याच्या शस्त्राचे फासे दुप्पट, ह्यूजचे (लार्जच्या वरची पायरी) तिप्पट. दुसऱ्याचं मोठं शस्त्र तुम्ही वापरलंत तर डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमीचा धरायचा), आणि दोन पायऱ्या मोठं असेल तर डीएम सरळ नाही म्हणू शकतो. पल्ल्याचा उल्लेखच नाही.

मजा ओगरची आहे. लार्ज, हातात अवाढव्य सोटा, २डी८, आणि पल्ला ५ फूट! ३.५ मध्ये त्याच ओगरला १० होते. फायर जायंट ह्यूज आहे, २०१४ च्या नियमांत ६डी६ ची तलवार आहे, त्याला कुठे १० फूट. एन्लार्ज (अंग मोठं करणारं) स्पेल घेतलं तर १डी४ जास्त, पल्ला नाही. रून नाइट (फायटरचा एक प्रकार) लार्ज होतो तरी पल्ला नाही, अठराव्या लेव्हलला ह्यूज होईल तेव्हा ५ फूट मिळतात. कंजूषपणाची हद्द आहे. आणि इकडे बगबेअर वंशाला पहिल्या लेव्हलपासून हात लांब म्हणून ५ फूट फुकट.

नीलपरी

गुहावासी, बगबेअरचं वाक्य नीट वाचा. तिथेच या धाग्याचं उत्तर आहे. त्याला ५ फूट मिळतात ते *स्वतःच्या टर्नमध्ये*. दुसऱ्याच्या टर्नमध्ये त्याचा पल्ला तुमच्या-आमच्याइतकाच.

काका लांबी-वजनाचं बोलतायत ते छान आहे, पण हे आकडे तलवारी मोजून ठरवलेले नाहीत. पल्ला महाग आहे, म्हणून तो शस्त्राबरोबर फुकट देत नाहीत. किती महाग ते सांगते.

३.५ मध्ये मीडियम लढवय्या साध्या तलवारीने भोवतालचे ८ चौकोन धाकात ठेवतो. ग्लेव्हवाला १६, कारण लगतचे ८ त्याला मिळत नाहीत. स्पाइक्ड चेनवाला (काटेरी साखळीवाला) लगतचेही मारतो, म्हणून २४. तीच चेन आणि वर पहिल्या लेव्हलचं एन्लार्ज पर्सन स्पेल. आता तो लार्ज, नैसर्गिक पल्ला १०, चेनने २०. मधली जागा २ बाय २, प्रत्येक बाजूला ४ चौकोन. कोपरे सोडले तर १० बाय १० चा पट्टा त्याच्या धाकात, म्हणजे ५० फूट रुंदीचं मैदान! त्यात कुणीही एका चौकोनातून दुसऱ्यात गेलं की अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटी (आयता मिळणारा वार, पुढे एओओ). कॉम्बॅट रिफ्लेक्सेस फीट घेतली असेल तर एका फेरीत असे अनेक, आणि चेनने पाडताही येतं. ३.५ खेळलेल्या प्रत्येकाने हा प्राणी एकदा तरी भोगलाय.

आता डॅमेज. १डी१० ची सरासरी ५.५, २डी८ ची ९. साडेतीनचा फरक. कुठलाही शहाणा खेळाडू साडेतीन डॅमेज सोडून ५ फूट पल्ला घेईल. म्हणून मोठ्या शस्त्राने फासे वाढवून देतात आणि पल्ला राखून ठेवतात. फासे खेळ मोडत नाहीत. पल्ला मोडतो.

त्यातही स्वतःच्या टर्नमधला पल्ला स्वस्त आहे, कारण त्याने फक्त एखादं पाऊल वाचतं. दुसऱ्याच्या टर्नमधला पल्ला म्हणजे एओओचं मैदान, खरी किंमत त्याची. बगबेअरला स्वस्तातला दिलाय. पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत (२००९) लंज फीट आहे: टर्न संपेपर्यंत पल्ला ५ फूट जास्त, बदल्यात पुढच्या टर्नपर्यंत एसीला (बचावाच्या आकड्याला) -२. तोही स्वस्तातलाच.

फासेसाहेब, तुमच्या गोलायथला हेच द्या. लार्ज ग्लेव्ह हातात असताना स्वतःच्या टर्नमध्ये १५ फूट, एसीला -२. एओओ मात्र १० वरच. त्याच्या मनातलं चित्रही राहील आणि तुमच्या राक्षसांचा बळीही जाणार नाही.

कोकणी ऑर्क

+१. हे आवडलं. (ऑर्क असून नियम आवडला, नोंद घ्या.)

जुना जिन्नस

उशिरा आलो, पण जुनं काही सांगतो.

तुम्ही सगळे ज्या चौकोनावर भांडताय तो पाच फुटांचा आहे, हे विसरू नका. पाच फुटांच्या पट्टीने दीड-दोन फुटांचा फरक मोजायला गेलात तर तो शून्य तरी येणार नाहीतर पाच. १९७८ च्या एडी अँड डी (डी अँड डी ची जुनी आवृत्ती) प्लेयर्स हँडबुकात प्रत्येक शस्त्राची लांबी फुटांत दिलेली होती, शेजारी ते फिरवायला लागणारी जागा, आणि स्पीड फॅक्टर (शस्त्र किती संथ ते सांगणारा आकडा). दोन हाती तलवार सुमारे सहा फूट, फिरवायलाही सहा फूट जागा, स्पीड १०. खंजिराचा स्पीड २. कुणी धावून आला तर ज्याचं शस्त्र लांब त्याचा वार आधी. लांबीचा उपयोग चौकोन वाढवायला नव्हता, पहिला वार कुणाचा हे ठरवायला होता. रूनक्वेस्ट हा दुसरा खेळही त्याच साली आला, त्यातही लांब शस्त्राने स्ट्राइक रँक (वाराचा क्रम) सुधारायचा.

आमच्यात ते तक्ते पूर्ण वापरणारे थोडेच होते, हेही खरं. स्पीड फॅक्टर काढला की निम्मं टेबल चहाला उठायचं.

बारीक पट्टी हवी असेल तर गर्प्स हा खेळ बघा. तिथला षट्कोन एका यार्डाचा, म्हणजे तीन फुटांचा. त्यामुळे तिथे ग्रेटस्वोर्डला रीच '१, २' आहे. तुमच्याकडे जिला काहीच मिळत नाही तिला तिथे दुसरा षट्कोन मिळतो. हॅलबर्ड २, ३, पण २ वरून ३ वर जायला शस्त्राची पकड बदलण्यात वेळ घालवावा लागतो. आणि ताकद कमी पडली तर प्रत्येक पॉइंटमागे कौशल्यातून एक वजा. पट्टी बारीक केली की तुमचा अर्धा वाद आपोआप विरतो, उरलेल्या अर्ध्याला कॅल्क्युलेटर लागतो.

बे एरियातला बोका

जिन्नस काका, गर्प्सचा कॅल्क्युलेटर घेऊन शनिवारी पाच जणांना कोण बसवणार? तीन फुटांचा षट्कोन छान, पण माझी मिनिएचर्स सगळी पाच फुटांच्या मॅटची.

पट्टाधारी

अवांतर: आमच्या होमब्रूमध्ये (घरच्या नियमांत) दांडपट्टा आहे. पातं चारेक फुटी, लवचिक, आणि मनगट लोखंडी खोबणीत अडकलेलं. एक जण हट्टाला पेटलाय की मर्दानी खेळात पट्टा फिरतो तेव्हा चहूबाजूंनी कुणाला जवळ येता येत नाही, म्हणून १० फूट रीच दे. काय करू?

नीलपरी

देऊ नका. जवळ येता येत नाही हे रीचचं लक्षण नाही, एओओचं आहे. लगतच्या चौकोनात शिरणाऱ्यावर फेरीत एकदा वार द्या, ५ई असेल तर रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्येही वापरता येणारी एक कृती) खर्चून. पल्ला ५ च. मनगट अडकलंय म्हणून डिसआर्म करणाऱ्याला (शस्त्र हातातून पाडू पाहणाऱ्याला) डिसॲडव्हांटेज द्या, ते जास्त शोभेल. आणि हातातला पट्टा टाकून चटकन दुसरं शस्त्र घेता येणार नाही, हेही सांगून ठेवा.

पट्टाधारी

हे बरंय. धन्यवाद ताई.

वीसचा फासा

सगळ्यांचे आभार. खेळाडूशी फोनवर बोललो. काकांचं घनमूळ ऐकवलं, त्याने दोन मिनिटं विचार करून "मग जायंटच्या हातात तो जाड दांडा टूथपिकसारखा दिसत असणार" असं म्हटलं. जायंट दुप्पट उंच आणि शस्त्र सव्वापट लांब, म्हणजे तसा दिसणारच. आता या प्रश्नाला मी हात लावणार नाही.

नीलपरीताईंचा तोडगा त्याला पसंत आहे, पण मी तो फुकट देत नाहीये. पाथफाइंडरमध्ये लंजला बेस अटॅक (हल्ल्याचा मूळ बोनस) +६ लागतो, तीच अट ठेवली आणि फीटही खर्चायला लावली. त्याचा गोलायथ तिथवर यायला वेळ आहे.

अजून एक अडकलंय. पुढच्या लढाईत ओगर आहे, ३.५ चा, पल्ला १०. क्लेरिकचा (पुजारी पात्राचा) मीडियम लाँगस्पियर मागच्या वेळी गुहेत पडला होता, तो ओगर उचलणार. मग त्याचा पल्ला २० का?

लेव्हल एक काका

नाही. रीचच्या नियमात लार्जसाठी १५ ते २० फूट दिलेत ते 'योग्य आकाराच्या' रीच शस्त्राला. माणसाचा लाँगस्पियर दोन हातांचा, ओगरला तो एका हाताचा होईल, आकार जुळत नाही म्हणून -२. पल्ला त्याचा स्वतःचा १० च.

आता जवळच्याला तो भाल्याने मारू शकतो का, यावर माणसं भांडतात. मी मारू देतो. जे शस्त्र पल्ला वाढवत नाही त्याने अंगाजवळची जागा का म्हणून बंद करावी? आणि दुसरा हात मोकळा राहतो त्याचा, तेवढ्यात क्लेरिकला पकडेल. तसा क्लेरिक कितव्या लेव्हलचा आहे?

वीसचा फासा

तिसऱ्या. ग्रॅपलचा (पकडण्याचा) बोनस बघून क्लेरिकवाल्याला आधीच कळवतो.